फ्रेंच ‘बाबा’ नेमका कुणाचा?

पॅरिसच्या मिठाईच्या दुकानांत ‘बाबा’ नावाचा एक पदार्थ मिळतो. पूर्ण नाव ‘बाबा ओ रम’, म्हणजे रममध्ये भिजवलेला बाबा. फ्रेंच मिठाईचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात तो असतोच, आणि बहुतेक ठिकाणी सोबत एक किस्साही असतो. पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास लेश्चिंस्की फ्रान्समध्ये आश्रयाला होता. एक दिवस त्याच्यासमोर कोरडाठाक केक आला. कुणी म्हणतं, त्याचे दात खराब झाले होते, त्याला तो चावेना. कुणी म्हणतं, चिडून त्याने बशी ढकलली ती थेट रमच्या बाटलीवर, आणि सांडलेली रम केकने पिऊन टाकली. राजाने चव घेतली आणि खूश झाला. त्या दिवसांत तो ‘अलिफ लैला’ म्हणजे अरबी भाषेतल्या सुरस कथा वाचत होता, म्हणून या नव्या मिठाईला त्याने आपल्या आवडत्या नायकाचं नाव दिलं: अलिबाबा. पुढे ‘अली’ गळून गेला, ‘बाबा’ उरला.

किस्सा गोड आहे. ‘लारूस गॅस्ट्रोनॉमिक’सारख्या नावाजलेल्या कोशानेही तो दिला, त्यामुळे जगभर पसरला. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर असा किस्सा आला की त्याला लगेच एक ओळ जोडली जाते, ‘बघा, ही पण आपलीच देणगी’. मग तो मजकूर मशिदीच्या गटापासून कुटुंबाच्या गटापर्यंत फिरत राहतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवते, आणि ‘बाबा’ हा शब्द दोन्हींत आहे. त्यामुळे या किश्शाची तवारीख तपासावी असं मनात आलं. तपासताना केक बाजूलाच राहिला आणि हाती वेगळीच गोष्ट लागली. पण आधी केक.

बाबा हा यीस्टने फुगवलेल्या पिठाचा केक. पिठात अंडी आणि लोणी सढळ हाताने. भाजून झाल्यावर तो थोडा सुकू देतात आणि मग गरम पाकात बुडवतात. ताजा, ओलसर केक पाक पीत नाही, सुकलेला पितो. मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. लग्नाच्या दस्तरखानावरचा ‘डबल का मीठा’ याच तत्त्वावर उभा आहे, फक्त तिथे पाव तुपात तळून घेतात. या साम्यावरून लगेच कुठला वंशवृक्ष काढू नका. शिळा पाव वाया जाऊ नये आणि गोडही खायला मिळावं, ही सोय जगात अनेकांना स्वतंत्रपणे सुचू शकते.

आता राजाकडे वळू. स्तानिस्लासचा जन्म १६७७ चा. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याने १७०४ मध्ये त्याला पोलंडच्या गादीवर बसवलं. १७०९ मध्ये पोल्तावाच्या लढाईत रशियाने चार्ल्सचा पराभव केला आणि स्तानिस्लासची गादीही गेली. चार्ल्स उस्मानी सल्तनतीच्या आश्रयाला बेंदेर इथे जाऊन राहिला. त्याला भेटायला स्तानिस्लास वेषांतर करून मोल्दाव्हियात गेला, तिथे उस्मानी अधिकाऱ्यांनी त्याला ओळखलं आणि काही काळ अडकवून ठेवलं. म्हणजे या माणसाने तुर्की मुलूख पुस्तकात नव्हे, प्रत्यक्ष पाहिला होता. पुढे १७१९ पासून तो आल्सास प्रांतातल्या व्हिसाम्बूर या छोट्या गावात राहू लागला. पैसा नाही, राज्य नाही, एक मुलगी लग्नाची. अशा घरात १७२५ मध्ये अचानक फ्रान्सच्या पंधराव्या लुईचं स्थळ आलं. मुलगी मारी फ्रान्सची राणी झाली. १७३३ मध्ये स्तानिस्लासने पोलंडची गादी परत मिळवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि १७३७ मध्ये जावयाने त्याला लोरेनची डची हयातीपुरती दिली. लुनेव्हिलच्या राजवाड्यात तो खाण्यापिण्याची, बागांची, पुस्तकांची हौस करत राहिला. व्होल्तेरसारखा लेखक तिथे पाहुणा म्हणून राहून गेला. १७६६ च्या फेब्रुवारीत शेकोटीजवळ बसलेला असताना कपड्यांनी पेट घेतला आणि त्यातच तो गेला.

लोरेनमध्ये आजही कुठल्याही गोड पदार्थाचं मूळ विचारा, बोट स्तानिस्लासकडेच जातं. मादलेन नावाचे शिंपल्याच्या आकाराचे छोटे केकही त्याच्याच दरबारात जन्मले असं सांगतात. आपल्याकडे कुठलाही हजरजबाबी किस्सा बिरबलाच्या नावावर जातो, त्यातलाच हा प्रकार.

तारखा पाहिल्या तर अलिबाबाचा किस्सा अशक्य नाही. आंतुआन गालां याच्या फ्रेंच ‘अलिफ लैला’चे बारा खंड १७०४ ते १७१७ दरम्यान छापले गेले. अलिबाबाची गोष्ट आली ती शेवटच्या खंडांत, १७१७ मध्ये. स्तानिस्लास व्हिसाम्बूरला आला तेव्हा हे खंड बाजारात होते. वाचले असतील, का नाही? पण ‘वाचले असतील’ म्हणजे पुरावा नव्हे. अन्नेतिहासाचे अभ्यासक या कथेला दंतकथाच मानतात, आणि त्याचं मोठं कारण असं की राजाला हे नाव पुस्तकातून शोधायची गरजच नव्हती. ते त्याच्या घरातलंच होतं.

पोलंडमध्ये ‘बाबा’ म्हणजे म्हातारी बाई, आजी. लाडाने म्हणतात ‘बाबका’. ईस्टरला तिथे घरोघरी ‘बाबा’ नावाचाच उंच केक भाजतात. खाली पसरट, वर निमुळता, घेरदार झगा घातलेल्या आजीबाईसारखा. पिठात अंड्यांचे बलक, लोणी, मनुका, आणि परवडत असेल तर केशर. त्याचं पीठ इतकं नाजूक मानलं जाई की ते फुगत असताना दार आपटायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, पुरुषांनी तर स्वयंपाकघरात पाऊलच टाकायचं नाही. भाजून निघालेला केक आडवा ठेवायचा तो मऊ उशीवर. जुन्या पोलिश घरांच्या वर्णनांत हे सगळं येतं. लहानपणापासून हा केक खाल्लेल्या माणसाने परमुलखात तसाच केक पाहिला तर तो त्याला काय म्हणेल? बाबाच म्हणेल.

फ्रेंच व्युत्पत्तिकोशही हा शब्द पोलिशमधूनच आला असं सांगतात. फ्रेंच लिखाणात तो दिसतो १७६७ मध्ये, दिदेरोच्या एका पत्रात. राजा वारल्यानंतरचं ते दुसरं वर्ष.

इथे आपल्या कानाला एक गंमत जाणवते. आपल्याला ‘बाबा’ म्हटलं की बाप आठवतो. मराठीत बाबा, फारसीत बाबा, तुर्कीत बाबा, सगळीकडे वडील किंवा वडीलधारा. दर्ग्यातल्या बुजुर्गालाही आपण बाबाच म्हणतो. आणि पोलंडमध्ये बाबा म्हणजे आजी! शब्द तोच, लिंग बदललेलं. मग पोलिश बाबा तुर्कांकडून आला असेल का? नाही. रोमन याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने मुलांच्या भाषेबद्दल लिहिताना दाखवलंय की मूल बोलायला लागतं तेव्हा म, प, ब हे ओठांवरचे उच्चार सगळ्यांत आधी येतात आणि मोठी माणसं ते आवाज आपापल्या नावावर लावून घेतात. कुठे आईने घेतले, कुठे बापाने, कुठे आजीने. ‘ऐकायला सारखं, म्हणून मूळ एक’ हा घोळ मराठी-उर्दू शब्दांच्या बाबतीत दरवर्षी वर्गात होतो. शब्दाचं मूळ कानाने ठरत नाही, तो कुठून कुठे गेला त्या वाटेने ठरतं.

आणि इथे वाट सापडते. राणी मारीबरोबर तिच्या वडिलांच्या घरचा एक तरुण मिठाईवाला व्हर्सायला गेला, निकोला स्तोरेर. १७३० मध्ये त्याने पॅरिसच्या मॉन्तोर्गुई रस्त्यावर स्वतःचं दुकान थाटलं. ते दुकान ५१ क्रमांकाच्या इमारतीत आजही चालू आहे, पॅरिसमधलं सर्वांत जुनं मिठाईचं दुकान म्हणून लोक पाहायला जातात. पोलंड, आल्सास, व्हर्साय, पॅरिसचा रस्ता. बाबाचा प्रवास असा सांगता येतो, आणि या वाटेवर अलिबाबाची गुहा लागत नाही.

आल्सासचा दावाही बाजूला सारता येत नाही. तिथे ‘कुगेलहोप्फ’ नावाचा यीस्टचा, मनुका घातलेला, मध्ये भोक असलेला केक पूर्वीपासून होतो. किश्शातला ‘कोरडा केक’ म्हणजे हाच, असं आल्सासवाले सांगतात. दोन्ही केक एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत. त्यांच्यात सीमारेषा आखणं म्हणजे खान्देशी आणि वऱ्हाडी मांड्यांमध्ये सीमारेषा आखण्यासारखं.

राहता राहिली रम. आपल्यापैकी बहुतेकांसाठी तर हा पदार्थ तिथेच संपतो. पण किश्शात सांडलेली ती बाटली इतिहासातही टिकत नाही. उसाच्या मळीपासून दारू काढायला आणि विकायला फ्रान्सच्या राजसत्तेने १७१३ मध्येच बंदी घातली होती. द्राक्षांची ब्रँडी करणाऱ्यांचा धंदा बुडू नये म्हणून. लोरेन तेव्हा कागदोपत्री वेगळी डची होती हे खरं, तरी रम हे त्या काळी मुख्यतः इंग्रजांचं आणि खलाशांचं पेय होतं. पोलिश राजाच्या जेवणाच्या टेबलावर ती असण्याचं फारसं कारण नव्हतं. जुने फ्रेंच लेखक वेगळंच सांगतात. ग्रिमो द ला रेनिएर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाबाचं श्रेय स्तानिस्लासला दिलं. त्या काळच्या फ्रेंच कृतींत केशर आणि मनुका असतात. १८३९ मध्ये कुर्शां या लेखकाने लिहिलं की राजाच्या वंशजांकडे बाबासोबत माल्टाची नव्हे, स्पेनच्या मालागाची गोड वाइन वेगळ्या भांड्यात ठेवतात, आणि लेश्चिंस्की घराण्याशी नातं असलेल्या एका पोलिश काउंटेसचा हवाला देऊन सांगितलं की अस्सल बाबा रायच्या पिठाचा आणि हंगेरीच्या वाइनचा. वाइन बाजूला, केक वेगळा! रमच्या पाकात बुडवायची पद्धत स्तोरेरच्याच दुकानात १८३५ च्या सुमारास सुरू झाली असं सांगतात, म्हणजे राजा वारल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. थोड्याच वर्षांत पॅरिसच्या ज्युलियँ बंधूंनी मनुका काढून टाकल्या, आकार कड्यासारखा केला आणि त्याला ‘साव्हारँ’ नाव दिलं. इटलीत नेपल्सने तर बाबाला इतकं आपलंसं केलं की तिथे एखाद्या गोड माणसाला ‘तू बाबा आहेस’ असंच म्हणतात.

म्हणजे जी रम आज नावातच आहे, ती सगळ्यांत उशिरा आली. तिच्यासोबत कॅरिबियन बेटांवरचे उसाचे मळे आले आणि त्या मळ्यांवर राबवलेले आफ्रिकी गुलामही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या ताब्यातलं सँ-दोमिंग, आजचं हैती, ही जगातली सर्वांत मोठी साखरवसाहत होती. किश्शात राजाची दाढदुखी आहे, मळ्यातला माणूस नाही.

‘आपली देणगी’ शोधायचीच असेल तर ती नावात नाही, घटकांत आहे. आणि तीसुद्धा एकट्या मुसलमानांची नाही. फ्रेंच ‘स्युक्र’ म्हणजे साखर हा शब्द अरबी ‘सुक्कर’वरून आला, ‘सुक्कर’ फारसी ‘शकर’वरून, आणि ‘शकर’चं नातं आपल्या संस्कृत ‘शर्करे’शी. ऊस पिकवण्याचं आणि रस आटवून साखर करण्याचं कसब भारतातून इराणात गेलं, तिथून अरबांनी ते इजिप्त, सिसिली, अंदलुसियापर्यंत नेलं. केशराचा ‘साफ्राँ’ हाही अरबी ‘जाफरान’. हा इतिहास भक्कम आहे, त्याला कागदपत्रं आहेत. त्यासाठी अलिबाबाला केकमध्ये बुडवायची गरज नाही.

मग अलिबाबा या गोष्टीत आला कसा? त्या काळच्या फ्रान्सला तुर्की आणि अरबी गोष्टींचं वेड लागलं होतं. कॉफी, झगे, पगड्या, नाटकं, सगळ्यांत ‘पूर्व’ हवी होती. स्तानिस्लासने लुनेव्हिलच्या बागेत आपला वास्तुकार एमान्युएल एरे याच्याकडून तुर्की धाटणीचा ‘किऑस्क’ बांधून घेतला होता. अशा राजाच्या केकला अलिबाबाचं नाव शोभून दिसतं. पोलिश आजीचं नाव शोभत नाही. आजीचं स्वयंपाकघर कुणाला रंगतदार वाटत नाही, चाळीस चोरांची गुहा वाटते. दंतकथा अशीच पसंती करते, आणि तिच्यात बहुतेक वेळा घरातल्या बाईचंच नाव पुसलं जातं.

आता ती दुसरी गोष्ट. अलिबाबा तरी कुठून आला?

आपण गृहीत धरतो की ‘अलिफ लैला’च्या जुन्या अरबी पोथीत तो असणार. तो तिथे नाही. गालांला सीरियातून जी अरबी हस्तलिखितं मिळाली होती त्यांत अलिबाबा नाही आणि अलादीनही नाही. गालांच्या आधीची, या दोन गोष्टी असलेली ‘अलिफ लैला’ची एकही पोथी सापडलेली नाही. पोथीतल्या गोष्टी संपत आल्या, प्रकाशक मात्र आणखी खंड मागत होता. त्याच सुमारास, १७०९ च्या मार्चमध्ये, पॅरिसमध्ये गालांची ओळख हलब शहरातल्या, म्हणजे आजच्या अलेप्पोतल्या, एका तरुणाशी झाली. त्याचं नाव हन्ना दियाब. मुसलमान नव्हे, मारोनी पंथाचा अरब ख्रिस्ती. वय विशीचं. पॉल ल्युका नावाचा फ्रेंच प्रवासी त्याला दुभाषा म्हणून सोबत घेऊन आला होता. राजाच्या ग्रंथालयात नोकरी लावून देतो असं वचनही त्याने दिलं होतं.

दियाबने काही आठवड्यांत गालांला सोळा गोष्टी सांगितल्या. त्यांतल्या दहा गालांने पुस्तकात घेतल्या. त्यांतच अलादीन आणि अलिबाबा. गालांने आपल्या डायरीत हे टिपून ठेवलं. अलिबाबाच्या गोष्टीचं तिथलं शीर्षक आहे मोर्जियानाच्या, म्हणजे आपल्या मरजिनाच्या, चतुराईचं. अलिबाबाच्या नावाने ती नंतर ओळखली जाऊ लागली. मला हे शीर्षक फार आवडलं. चाळीस चोरांचा निकाल लावते ती मरजिनाच, अलिबाबा बिचारा बहुतेक वेळ घरात असतो.

छापील पुस्तकात मात्र दियाबचं नाव कुठेही आलं नाही. १७१५ मध्ये गालां वारला, शेवटचे खंड त्याच्यामागून निघाले. वाचकांना वाटलं, सगळं शहरजादच सांगतेय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेरमान झोतेनबर्ग या अभ्यासकाने डायरीतल्या नोंदी उजेडात आणल्या, तेव्हा ‘हलबचा हन्ना’ एवढं नाव कळलं. पण तो माणूस कोण, कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग १९९३ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरुवातीची पानं हरवलेलं एक अरबी हस्तलिखित ओळखलं गेलं. ते दियाबचं आत्मकथन होतं. २०१५ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद आला, २०२१ मध्ये इंग्रजी. काही अभ्यासकांना तर वाटतं की परमुलखातून आलेला गरीब तरुण आणि डोळे दिपवणारा राजवाडा, हे अलादीनच्या गोष्टीतले रंग दियाबच्या स्वतःच्या अनुभवाचे आहेत.

केकच्या श्रेयासाठी पोलंड, आल्सास, लोरेन आणि पॅरिस भांडतात. अलिबाबाच्या श्रेयासाठी हन्ना दियाब कधी भांडला नाही. ग्रंथालयातली नोकरी त्याला मिळाली नाही. तो हलबला परतला, कापडाचं दुकान चालवलं, संसार केला. पंचाहत्तरीच्या आसपास, १७६४ मध्ये, त्याने आठवणी लिहून पूर्ण केल्या. तिकडे लुनेव्हिलमध्ये स्तानिस्लासची तेव्हा शेवटची दोन वर्षं चालू होती. दियाबने व्हर्साय रंगवलं आहे, जर्बोआ नावाचे लांब पायांचे उंदीर चौदाव्या लुईला कसे दाखवले ते सांगितलंय, १७०९ च्या भयंकर थंडीत पॅरिस कसं गोठलं तेही लिहिलंय. गोष्टींबद्दल मात्र मोजक्याच ओळी आहेत: एक म्हातारा आमच्याकडे येत असे, तो ‘अलिफ लैला’चा अनुवाद करत होता, त्याला काही रात्री कमी पडत होत्या, मी त्याला मला ठाऊक असलेल्या गोष्टी सांगितल्या, तो खूश झाला. अलिबाबाचं नावही तो घेत नाही. त्याच्या लेखी हलबच्या कॉफीखान्यात ऐकलेल्या अनेक गोष्टींतली ती एक असावी.